एम पूर्व वॉर्ड फिकट का दिसतो?

समाजकार्याच्या पहिल्या वर्षी मला फील्डवर्कला गोवंडीची बैंगनवाडी मिळाली. जाण्याआधी मी मुंबईचा वॉर्डवार लोकसंख्येचा ऑनलाइन नकाशा उघडला. जितका रंग गडद, तितकी वस्ती दाट. भुलेश्वर-काळबादेवीचा सी वॉर्ड गडद होता. गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व बराच फिकट. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात तिथल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागत होतं.

घरी येऊन नकाशावर सॅटेलाइटचा थर चढवला, तेव्हा उलगडा झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर, देवनारचं डम्पिंग ग्राउंड, खाडीकाठची तिवरं, सगळं याच वॉर्डात. घनता काढताना लोकसंख्येला या साऱ्या क्षेत्रफळाने भागतात. माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीने राहतात आणि सरासरी अख्ख्या वॉर्डावर पसरते. म्हणून हे काम नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: रंगाआधी सॅटेलाइटचा थर पाहा.

मग वॉर्डावर क्लिक करून भागाकार कशाने केलाय ते तपासा. साक्षरतेत हमखास चूक होते. जनगणनेत साक्षरतेचं प्रमाण ० ते ६ वयाची मुलं वगळून काढतात. एकूण लोकसंख्येने भागलं, तर लहान मुलं जास्त असलेली वस्ती उगाच कमी शिकलेली दिसते. तिथल्या माणसांवर हा अन्यायच आहे.

आकडे कोणत्या सालचे, हेही बघा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे बहुतेक नकाशे अजून २०११ वर उभे आहेत. २००१ आणि २०११ शेजारी ठेवले, तर मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरलेला दिसतो आणि उपनगर वाढलेलं. आमचं बिऱ्हाड त्याच दशकात परळच्या चाळीतून कांदिवलीला गेलं. त्या घटीत आम्ही चौघं आहोत, हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ तो आकडा बघत बसले.

पुढच्या खेपेला बैंगनवाडीत नकाशाची प्रिंट घेऊन गेले. एका मावशींनी त्यावर बोट फिरवत विचारलं, "आमची गल्ली कुठंय यात?" ती नव्हतीच. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर खातं उघडलं की कोणालाही रस्ता काढता येतो. त्या रात्री मी मावशींची गल्ली काढली. नंतर मोबाइलवर दाखवली, तर त्यांनी पाण्याचा नळ नेमका कुठे आहे ते सांगितलं. तोही टाकला.