नाशिकच्या उन्हात गार राहणारं घर : एएसी ब्लॉक, स्लॅब आणि पश्चिमेची भिंत

पाथर्डी फाट्याच्या आमच्या जुन्या घरात मे महिन्यात रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला, तर ती नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या दांड्यासारखी कोमट लागायची. बाहेर वारा गार सुटलेला असायचा आणि आत पंखा गरम हवाच फिरवायचा. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली रात्र निवते. घर मात्र निवत नाही, कारण वीट आणि भरीव काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्री आत सोडत राहतात. नवं घर बांधताना आम्ही याचाच बंदोबस्त आधी केला. तो कसा, ते सांगते.

1. नकाशावर दिशा बघा. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेने तिरपं येतं, ते छज्जाने अडत नाही. त्या बाजूला जिना, बाथरूम, स्टोअर घ्या. खिडकी हवीच असेल, तर बाहेरून सिमेंटची जाळी लावा. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि थंडीत तो खाली उतरून खोलीत ऊन देतो. निफाडकडची थंडी ज्यांनी सोसली आहे, त्यांना त्या उन्हाचं मोल माहीत आहे.

2. भिंतीचं सामान निवडा. एएसी ब्लॉक म्हणजे सिमेंट, चुना आणि बहुधा फ्लाय अ‍ॅश यांच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालून फुगवलेलं आणि वाफेच्या दाबाखाली पक्कं केलेलं हलकं काँक्रीट. आतल्या हवेच्या बारीक छिद्रांमुळे उष्णता सावकाश सरकते. गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचं यू-मूल्य साधारण 2 असतं, आठ इंची ब्लॉकचं 0.8 च्या आसपास. हा आकडा जितका कमी, तितकी उष्णता कमी शिरते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रामुळे आपल्याकडे फ्लाय अ‍ॅशच्या विटा ओळखीच्या आहेत. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, शेतातली मातीही वाचते. पण त्या भरीव आणि जड असतात, त्यामुळे घर गार ठेवण्यात ब्लॉकची बरोबरी करत नाहीत. दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

3. बांधकामावर स्वतः उभे राहा. ब्लॉक चांगला असूनही काम बिघडतं ते इथे. विटेसारखे ब्लॉक पाण्यात भिजत घालू नका, नुसता हात ओला करून फिरवा. जाड मसाल्याऐवजी ब्लॉकचं तयार अ‍ॅडेसिव्ह वापरा आणि सांधा 3 मिलिमीटरचाच ठेवा. जाड सांध्यातून उष्णता सरळ आत येते. प्लिंथच्या (जोत्याच्या) खाली ब्लॉक नको, तो ओल धरतो. कॉलम आणि भिंत मिळते तिथे जाळी मारूनच गिलावा करा. आमच्या वायरमनने छिन्नी-हातोड्याने झिरी पाडली आणि दोन खोल्यांत तडे गेले. झिरी कटर मशीननेच मारायला सांगा.

4. गच्चीवर हात आखडू नका. एक मजली घरात सर्वांत जास्त ऊन स्लॅबवर पडतं. केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छताचं यू-मूल्य 1.2 पर्यंतच ठेवायला सांगितलं आहे. नुसता स्लॅब त्याच्या दुपटीहून वर जातो. आधी वॉटरप्रूफिंग करा आणि 48 तास पाणी साठवून गळती तपासा. मग 50 मिलिमीटर जाडीच्या एक्सपीएस शीट (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमच्या) सांधे जुळवून अंथरा, वर जाळी टाकून उताराचा कोबा करा आणि शेवटी पांढरं चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे, बसवा. थर स्लॅबच्या वरच हवा. खालून पीओपीचं छत केलं, तरी स्लॅब तापतोच.

5. खिडक्या. सरकत्या खिडकीची अर्धीच जागा उघडते. समोरासमोर, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या ठेवा. दुपारी बंद, दिवेलागणीनंतर सताड उघड्या.

पैसे कमी पडत असतील तर आधी गच्ची, मग पश्चिमेची भिंत. बाकीच्या भिंती विटेच्या राहिल्या तरी चालतील. घर बांधून झालेलं असलं, तरी गच्चीचं काम नंतरही करता येतं, फक्त मृगाच्या सरी यायच्या आत उरकून घ्या.