शिवरात्र ते पाडवा: नागपुरातल्या घरच्या बागेची कामं आणि मजा

नागपुरात वसंत फार दिवस मुक्कामाला राहत नाही. फेब्रुवारीत दुपारचं तापमान 31-32 अंशांच्या आसपास असतं, मार्च सरता सरता ते चाळिशीला टेकतं आणि मे महिन्यात 45 च्याही वर जातं. म्हणून महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा जेमतेम महिना घरच्या बागेसाठी वर्षातला सर्वांत मोलाचा. फुलं भरभरून येतात ती याच दिवसांत, आणि उन्हाळ्याची तयारी उरकावी लागते तीही याच दिवसांत. कामं पुष्कळ आहेत. वेळ कमी असेल तर बाकीची राहू द्या, पण पाडव्याच्या आत बागेतली माती झाकून घ्या. मे महिन्यात झाड तगतं ते बहुतेक करून याच कामावर.

पानगळ जाळू नका

झाकायला लागणारा माल या दिवसांत अंगणात आपोआप पडतो. कडुनिंब, पिंपळ, शिरीष पानं टाकत असतात. सकाळी झाडून ढीग करायचा आणि काडी लावायची, हे अजून कितीतरी गल्ल्यांत चालतं आणि पाहून जीव हळहळतो. शेजाऱ्यांच्या नाकातोंडात धूर जातो तो वेगळाच.

आपल्याकडची काळी माती वाळली की आक्रसते. तिला भेगा पडतात, त्या भेगांसोबत बारीक मुळं तुटतात आणि खालची ओलही तिथूनच उडून जाते. त्यासाठी आधी तण काढा, वरची दोन इंच माती खुरप्यानं मोकळी करा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. मग सावकाश, खोलवर पाणी द्या आणि ओल्या मातीवर पानांचा तीन-चार इंचांचा थर पसरा. कडुनिंबाची आणि शिरीषाची बारीक पानं छान बसतात. पिंपळाची वाऱ्यानं उडतात, ती हातानं चुरून घाला आणि वरून पातळ शेणकाला शिंपडा. खोडाभोवती वीतभर जागा मात्र मोकळी सोडा. पानं खोडाला चिकटून राहिली की वाळवी चढते.

संत्र्याचं झाड: आळं दोन कड्यांचं करा

अंगणात संत्र्याचं एखादं झाड असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराच्या फुलांचा वास घरभर येतो. फाटकातून आत शिरतानाच तो जाणवतो, संध्याकाळी अधिकच. फुलं गळून वाटाण्याएवढी फळं दिसू लागली की लक्ष द्यायची वेळ येते. त्यातली बरीच फळं आपसूक गळतात, घाबरू नका. पण आठवडाभर कोरडं ठेवून मग एकदम पाणी तुंबवलं, तर राहिलेलीही गळतील. थोडं थोडं आणि ठरावीक अंतरानं पाणी देत राहा.

ते पाणी कुठे द्यायचं, हे त्याहून महत्त्वाचं. खोडाला सतत ओल लागली की डिंक्या होतो: साल तडकते, तिच्यातून डिंक गळतो आणि झाड हळूहळू खंगत जातं. विदर्भातले संत्रा बागायतदार यावर दुहेरी आळं करतात, तेच अंगणातही करा. खोडापासून सुमारे दीड फुटावर मातीचा एक गोल वरंबा घाला आणि आतली माती खोडाकडे किंचित उंच ठेवा. दुसरा वरंबा फांद्यांच्या टोकांखाली येईल असा बाहेर घाला. पाणी आणि खत फक्त या दोन कड्यांच्या मधे. पाणी पिणारी मुळं तिथेच असतात आणि खोड कोरडं राहतं.

एवीतेवी झाडापाशी बसलाच आहात, तर कलमाच्या जोडाखालचे फुटवे खुडा. ते खालच्या खुंटाचे असतात, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधलेलं असतं त्या जंबेरीचे किंवा रंगपूर लाईमचे (दोन्ही लिंबूवर्गीय झाडं), त्यांच्यावर संत्री कधीच लागणार नाहीत. सरळ वर वाढणारे जोमदार पाणसोटही काढून टाका.

कोवळ्या पालवीवर चिमणीच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघा. ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. झाड लहान असेल तर अळ्या वेचून काढा. मोठ्या झाडाला दोन-चार अळ्यांनी काही होत नाही. त्या राहू द्या आणि घरातल्या मुलांना दाखवा, पुढे त्यांचीच काळी-पिवळी फुलपाखरं होतात.

मडकं पुरा

मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला माठवाले बसू लागतात. त्यांच्याकडून दोन-तीन लहान मडकी बागेसाठीही घ्या. रंग किंवा चकाकी लावलेलं नको, त्यातून पाणी झिरपत नाही. पारख सोपी आहे: मडकं भरून सावलीत ठेवा, काही तासांत बाहेरून ओलसर लागलं पाहिजे.

दोन रोपांच्या मधे मडकं मावेल एवढा खड्डा घ्या आणि गळा तेवढा वर राहील असं ते पुरा. बाजूची माती सैल भरा, पाणी भरा आणि तोंडावर परई झाका, नाहीतर डास होतील. माती जसजशी कोरडी होते तसतसं मडकं पाणी सोडतं. दोन-चार दिवसांनी डोकावून पाहा आणि लागेल तसं भरा. सुट्टीत चार दिवस गावी जाणार असाल तर याच्यासारखा भरवशाचा माणूस नाही.

घरात कुलर असेल तर एक सांगणं आहे. टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी रोज कुंड्यांत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि तेच मग मातीत साचतात.

पेरणी, कुंड्या, मोगरा

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका आणि आपलं ढेमसं फेब्रुवारीतच पेरा. मार्चच्या शेवटी पेरलेल्या बियांना ऊन गाठतं. फुलांत झिनिया, सूर्यफूल आणि ऑफिस टाइम (पोर्तुलाका) या दिवसांत लावावं, ही मंडळी उन्हाला भीत नाहीत. पेटुनिया, डेलिया आता थकतात, त्यांचा फार सोस करू नका. शेवंतीचे मुनवे (बुडाशी फुटलेली पिल्लं) वेगळे करून लहान कुंड्यांत सावलीत जपा. सांबाराला (म्हणजे कोथिंबिरीला) फुलोरा आला तर लगेच उपटू नका. त्यावर मधमाश्या आणि मावा खाणारे ढालकिडे येतात, आणि शेवटी धणे मिळतात ते वेगळे.

कुंड्या बदलायच्या तर होळीच्या आत. नुसती काळी माती कुंडीत दगडासारखी बसते. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग रेती असं मिश्रण करा.

मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर शिवरात्रीला उरकाच. फांद्या निम्म्यापर्यंत कापा, जुनी पानं काढा, माती मोकळी करून शेणखत द्या आणि मग पाणी सुरू करा. कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कापताना हात आखडू नका. महिना-दीड महिन्यात झुडूप पांढरं होतं. टपोऱ्या कळ्या ऊन उतरल्यावर तोडा. रात्री उशाशी ओल्या रुमालात ठेवा, दोन-चार माठात टाका.

पाडव्यापर्यंत जाळी

कडुनिंबाला मोहर आला की हिरवी जाळी बांधायला घ्या. निम्मं ऊन अडवणारी, 50 टक्क्यांची जाळी पुरते. पश्चिमेची बाजू आधी झाका, दुपारी तीनचं ऊन तिथूनच मारतं. झाडांच्या शेंड्यापासून दोन फूट उंचावर ताणा म्हणजे वारा खेळता राहील. दोऱ्या पक्क्या बांधा, कारण मार्चमधल्या अवकाळी पावसात गारा पडल्या तर हीच जाळी उपयोगी पडते.

पाडव्यानंतर कुंड्या बदलणं, जोरकस छाटणी आणि रासायनिक खत, तिन्ही बंद. आता पावसाळ्यापर्यंत फक्त पाणी, तेही सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. देण्याआधी बोट दोन इंच खुपसून पाहा. काळी माती वरून फुफाटा दिसत असली तरी आत बरेचदा ओली असते, तेव्हा त्या दिवशी पाणी नको.