नाशिकमध्ये फ्लॅट घेताना: आधी कागद, मग बुकिंग
पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबाद अशा कडेच्या भागांत नव्या इमारती उभ्या राहत असल्या, तरी मागणी वाढते आहे एवढ्याच कारणाने बुकिंगची घाई करू नये. महारेराच्या (राज्यातील गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख, मंजूर नकाशे आणि जमिनीवरील बोजा (कर्ज, गहाण वगैरे) तपासावा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. दर कार्पेट एरियावरच, म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रावरच, विचारावा. जिना, लॉबी अशा सामायिक जागेचा वाटाही धरणारा ‘सुपर बिल्टअप’चा आकडा ऐकायलाच मोठा असतो. गोदावरीकाठच्या इमारतीबाबत, नदीचे दृश्य कितीही मोहक असले, तरी निळी (बांधकामास मनाई असलेल्या पट्ट्याची) आणि लाल (बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची) पूररेषा कुठून जाते हे नकाशावर पाहावे. भोगवटा प्रमाणपत्रानंतर (इमारत वापरण्यास योग्य असल्याच्या दाखल्यानंतर) विकल्या जाणाऱ्या तयार घरावर जीएसटी लागत नाही, हेही हिशेबात धरावे.