रिकव्हरी डिस्क घालण्याआधी

रिकव्हरी डिस्क, म्हणजे संगणकाबरोबर कंपनीने दिलेला किंवा त्यावरून घरी बर्न केलेला डीव्हीडींचा संच, विंडोज दुरुस्त करते असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात ती काहीच दुरुस्त करत नाही. हार्ड डिस्कवर आहे ते पुसते आणि तो संगणक कारखान्यातून निघाला तेव्हा त्यावर जे होतं ते पुन्हा लिहिते. विंडोजची तेव्हाची आवृत्ती, कंपनीचे ड्रायव्हर (संगणकाचे सुटे भाग विंडोजशी जोडणारी छोटी सॉफ्टवेअरं), थोडे दिवस फुकट चालणारा अँटिव्हायरस, अगदी वॉलपेपरसुद्धा. मधल्या वर्षांत तुम्ही त्यात काय काय साठवलंत हे त्या डिस्कला माहीत असण्याचं कारणच नाही. म्हणून खरं काम डिस्क घालण्याआधीचं आहे. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. जे तुमच्या संगणकाला लागू नाही ते खुशाल सोडा, बॅकअपचा भाग मात्र सोडू नका.

पहिल्यांदा हे बघा की एवढं सगळं करायची गरज आहे का. संगणक नुसता मंदावला असेल किंवा एखाद्या अपडेटनंतर अडकत असेल, तर आधी सौम्य उपाय करून पाहावेत. विंडोज १० आणि ११ मध्ये लागोपाठ दोनदा सुरू होताना अडकलं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथून स्टार्टअप रिपेअर, सिस्टीम रिस्टोअर, शेवटचं अपडेट काढून टाकणं, हे सगळं तुमच्या फाइलींना हात न लावता करता येतं. सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टी घेऊन विंडोज सुरू होतं तेव्हा, संगणक व्यवस्थित चालत असेल तर दोष बहुतेक वेळा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नंतर टाकलेल्या सॉफ्टवेअरचा असतो. 'रिसेट धिस पीसी'मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय सॉफ्टवेअर काढतो, पण तुमच्या फाइली ठेवतो आणि त्याला कुठलीच डिस्क लागत नाही. (तरी बॅकअप आधीच घ्यायचा.) हे सगळं करून झालं आणि गाडी पुढे सरकली नाही, तरच रिकव्हरी डिस्क बाहेर काढा.

आता हार्ड डिस्कची तब्येत. विंडोज वारंवार बिघडतं तेव्हा कित्येकदा मूळ कारण डिस्क खराब होत असणं हे असतं, आणि मरणाऱ्या डिस्कवर नवी विंडोज लिहून काहीच साधत नाही. उलट इतका मोठा मजकूर एकदम लिहिताना ती कायमची बसू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर डिस्कने आपल्या तब्येतीबद्दल स्वतःच नोंदवलेली माहिती (तिला स्मार्ट म्हणतात) दाखवतं. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघा. हे आकडे शून्याच्या वर असतील आणि दिवसागणिक वाढत असतील, तर आधी डेटा काढून घ्या, मग डिस्क बदला, आणि विंडोज नव्या डिस्कवरच टाका. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर चाचण्यांच्या नादीच लागू नका. अशी डिस्क चालू राहील तितकं नुकसान वाढतं. त्यातला डेटा खरोखर मोलाचा असेल तर संगणक बंद करून डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या माणसाकडे ती सोपवणं हेच शहाणपणाचं.

नवी डिस्क बसवणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कंपन्यांच्या बऱ्याच रिकव्हरी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर चालायला नकार देतात. ५०० जीबीच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली आणि मधेच एरर आला, तर दोष एसएसडीचा असेलच असं नाही.

आता बॅकअप. माणसं 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी करतात आणि झालं म्हणतात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर निदान आठवतात तरी, पण खरी हानी होते ती न दिसणाऱ्या जागी. आउटलुक वापरत असाल तर सगळी जुनी पत्रं पीएसटी नावाच्या एकाच फाइलीत असू शकतात. थंडरबर्डची पत्रं आणि ब्राउझरचे बुकमार्क 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात असतात. म्हणून आधी लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि सी ड्राइव्हवरच्या 'यूझर्स'मधला तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर कॉपी करा. घरातल्या इतरांची खाती असतील तर त्यांचेही फोल्डर घ्या. हिशेबाची सॉफ्टवेअरं कधीकधी आपला डेटा सी ड्राइव्हवर थेट स्वतःच्या फोल्डरात ठेवतात, तोही शोधा. त्या सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपची सोय असेल तर ती वापरा, कारण चालू असताना कॉपी केलेली डेटाबेस फाइल नंतर उघडत नाही असं होऊ शकतं. युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी कागदपत्रं असतील तर ते फॉन्टसुद्धा वेगळे जपा. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण वाचता येत नाही.

वनड्राइव्हवर विसंबून असाल तर फाइलींशेजारची चिन्हं नीट पाहा. निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल तुमच्या संगणकावर नसतेच, ती फक्त सर्व्हरवर असते. तिला भीती नाही. फिरते बाण दिसत असतील तर ती अजून वर चढतेय, आणि ती चढून होईपर्यंत थांबायलाच हवं. दुसरी अडचण एक्स्टर्नल डिस्कची. ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल तिच्यावर बसणार नाही, आणि नेमकी लग्नाच्या व्हिडिओची किंवा पत्रांची फाइल तेवढी मोठी असते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असलेली डिस्क घ्या.

कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश आला म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून प्रत्येक मोठ्या फोल्डरातल्या दोनचार फाइली उघडून पाहा. सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात नवा फोटो, एखादा व्हिडिओ मधूनच. ज्या फाइली पुन्हा कुठूनही मिळणार नाहीत त्यांची दुसरी प्रत आणखी कुठेतरी ठेवा. या घडीला मूळ प्रत पुसली जाणार आहे, त्यामुळे एकच बॅकअप म्हणजे पुन्हा एकच प्रत.

विंडोज सुरूच होत नसेल तरी डेटा काढता येतो. दुसऱ्या संगणकावर उबंटूसारख्या लिनक्सचा (विंडोजला पर्यायी असलेल्या फुकट प्रणालीचा) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून संगणक सुरू करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा आणि फाइली बाहेर घ्या. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं असेल तर लिनक्स विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा तो कप्पा) फक्त वाचू देतं. आपल्याला वाचायचंच आहे, तेव्हा बिघडत नाही.

इथे एक मोठा अडसर येऊ शकतो, बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. अनेक नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग लिनक्समधून काय किंवा दुरुस्तीच्या पडद्यावरून काय, ४८ अंकी रिकव्हरी कीशिवाय एकही फाइल दिसत नाही. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. संगणक चालू असतानाच, दुसऱ्या उपकरणावरून त्या खात्यात जाऊन ती शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

मग पासवर्ड आणि लायसन्स. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड खात्याशी सिंक होत नसतील तर ते हार्ड डिस्कवरच्या बाकी मजकुराबरोबरच जातील. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आत्ताच एकदा हाताने टाइप करून लॉगिन होतंय ना ते पाहा. पैसे देऊन घेतलेली सॉफ्टवेअरं ठरावीक संगणकांवरच चालत असतील तर आधी त्यांतून साइन आउट करा किंवा डिअ‍ॅक्टिव्हेट करा, नाहीतर नंतर 'मर्यादा संपली' असा निरोप येतो. विंडोजच्या बाबतीत, विंडोज ७ किंवा त्याआधीच्या संगणकावर २५ अक्षरांची प्रॉडक्ट की स्टिकरवर छापलेली असते. लॅपटॉपच्या तळाशी किंवा बॅटरीच्या खाली ती बघा. स्टिकर घासून फिकट झालेलं असतं, म्हणून उजेडात फोटो काढून अक्षरं लिहून घ्या. विंडोज ८ पासून कंपन्या ती की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच ठेवतात, त्यामुळे स्टिकर दिसलं नाही तर घाबरू नका.

आता खुद्द डिस्कांकडे वळू. घरी बर्न केलेल्या डीव्हीडी कपाटात पडून पडून वाचेनाशा होतात, आणि तिसरी डिस्क चालत नाही हे दोन डिस्क संपल्यावर कळणं फार महागात पडतं. तेव्हा हार्ड डिस्क आधीच पुसलेली असते. म्हणून संचातली प्रत्येक डिस्क दुसऱ्या संगणकात घालून तिच्यातल्या सगळ्या फाइली एका फोल्डरात कॉपी करून पाहा. कॉपी अडकली तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. संच पूर्ण आहे का, क्रमांक लिहिलेत का, ड्रायव्हरची वेगळी डिस्क आहे का, तेही बघा. आणि संच याच मॉडेलचा हवा. शेजारच्या संगणकाचा, दुसऱ्या मॉडेलचा संच बहुतेक वेळा पहिल्याच पडद्यावर नकार देतो. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह चालतो.

डिस्कच हरवल्या असतील तर वाट बंद झाली असं नाही. कित्येक संगणकांत तोच मजकूर हार्ड डिस्कवरच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये लपवलेला असतो. चालू करताना एचपीवर एफ११, एसरवर ऑल्ट आणि एफ१०, आसुसवर एफ९ दाबून तो उघडतो, लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपांना त्यासाठी नोव्हो नावाचं छोटं बटण असतं. नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून घ्या. पेनड्राइव्ह रिकामा हवा, त्यावरचं सगळं जातं.

खरं सांगायचं तर जुन्या डिस्क शाबूत असल्या तरी त्या वापराव्यात का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला लावीन. त्या तुम्हाला विंडोज ७ वर नेणार असतील, तर त्या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही होती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुमचा संगणक ७ वरून १० वर नेऊन ॲक्टिव्हेट झालेला असेल तर ते लायसन्स हार्डवेअरशी जोडलेलं राहतं, म्हणजे पेनड्राइव्हवरून थेट १० टाकता येतं. संगणक ११ च्या अटींत बसत असेल तर त्याहून उत्तम. जुना संच राखावा तो एखाद्या जुन्या यंत्रासाठी किंवा जुन्याच विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, आणि तो संगणक शक्यतो इंटरनेटपासून लांब ठेवून.

पेनड्राइव्हवरून विंडोज टाकणार असाल तर ड्रायव्हर आधी जमवा, त्यातही नेटवर्कचा सगळ्यात आधी. वाय-फायच चाललं नाही तर बाकीचे ड्रायव्हर आणणार कुठून? कंपनीच्या साइटवर संगणकाच्या खालचा सिरीयल नंबर टाकून लॅन, वाय-फाय, चिपसेट आणि स्टोरेजचे ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपांवर स्टोरेजचा ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजच्या सेटअपला डिस्कच दिसत नाही. मूळ विंडोज ७ ला यूएसबी ३ कळत नाही, तेव्हा पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड यूएसबी २ च्या जागी लावा.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगांत, शिरून काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो घ्या. बूट मोड (संगणक सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय म्हणजे नवा आहे की लेगसी म्हणजे जुना, सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू आहे का, साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) कोणता आहे. जुन्या डिस्कांना लेगसी आणि सिक्युअर बूट बंद असं लागू शकतं. काय होतं ते ठाऊक असेल तर परत आणणं दोन मिनिटांचं काम.

प्रत्यक्ष दिवशी लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा, बॅटरीवर हे काम कधीच नाही. प्रिंटर, कार्ड रीडर, दुसरी अंतर्गत हार्ड डिस्क, सगळं काढून ठेवा. आणि बॅकअपची डिस्क तर आधी काढा. रिकव्हरीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली दिसू शकतात, डी चं सी होतं, म्हणून पार्टिशन अक्षरावरून नाही तर आकारावरून ओळखा. आकार ओळखीचा वाटला नाही तर तिथेच थांबा. डीव्हीडीच्या संचाला काही तास लागू शकतात. पडदा बराच वेळ हलला नाही तरी ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर पॉवरचं बटण दाबू नका.

डेस्कटॉप दिसला की लगेच फाइली परत ओतायची घाई नको. आधी ड्रायव्हर, मग सगळी अपडेट्स, मग अँटिव्हायरस, मग सॉफ्टवेअर, आणि फाइली शेवटी. व्हायरसमुळे हा खटाटोप केला असेल तर बॅकअपची डिस्क लावल्याबरोबर आधी ती तपासून घ्या आणि तिच्यातली इन्स्टॉलर फाइल एकही वापरू नका. बॅकअप किमान दोन महिने तसाच राहू द्या. विसरलेला फोल्डर आठवतो तो बहुधा एखादं बिल किंवा पावती शोधायची वेळ आल्यावरच.