पहिल्या पावसात चराच्या काठावर उभे राहा

मृद व जलसंधारणाच्या कामात नव्याने येणारे बरेच जण आधी विचारतात, कोणते सॉफ्टवेअर शिकू? नकाशे लागतात, तेही शिका. पण त्याआधी दोन जागा एका पातळीत आहेत का ते दाखवणारी पाण्याची नळी, म्हणजे हायड्रोमार्कर, हातात घेऊन उतारावर चरांची आखणी करा.

माझ्या पहिल्या कामात नळीत हवेचा बुडबुडा राहिला आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. समपातळी म्हणून खोदलेला चर एका टोकाकडे वीतभर खाली गेला. पहिल्याच जोरदार सरीत सगळे पाणी त्या टोकाला धावले आणि भराव फोडून खालच्या शेतात घुसले. शेताच्या मालकीणबाई एवढेच म्हणाल्या, "पूर्वी पाणी पसरून यायचं, तुम्ही त्याला वाट करून दिलीत." चूक इतक्या नेमकेपणाने मला दुसऱ्या कुणी समजावली नाही.

तेव्हापासून मी सलग चर खोदत नाही. मध्ये मध्ये न खोदलेली माती ठेवतो. आखणी चुकलीच तर पाणी त्या तुकड्यातच अडते. १० मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चरात १,८०० लिटर पाणी मावते. उलट एक हेक्टरवर २० मिलिमीटर पाऊस पडला तर २ लाख लिटर पाणी येते. त्यातले काही मुरते, तरी बाकीच्याला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची ठरवून ठेवलेली वाट, द्यावाच लागतो.

काम माथ्यापासून सुरू करा. लोक आधी पायथ्याशी बंधारा मागतात, कारण तिथे पाणी डोळ्यांना दिसते. वरची माती धरली नाही, तर तोच बंधारा गाळाने भरतो. घळीतल्या दगडी बांधांचा हिशेब सोपा आहे: खालच्या बांधाचा सांडवा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा. ५ टक्के उतारावर १ मीटर उंचीचे बांध साधारण २० मीटरवर येतात.

आराखडा गावापुढे मांडण्याआधी शिवारफेरी करा, तीही जमीन कसणाऱ्यांबरोबर. पाणी कुठून फुटते, विहीर कधी आटते, हे त्यांना माहीत असते. फेरीत स्त्रिया नसतील तर पुन्हा जा.

आणि गाळ कोण काढणार, भराव खचला तर कोण बघणार, हे खोदाईआधीच नावानिशी लिहून घ्या. आमच्याकडे ते दुसऱ्या वर्षी ठरले, तोवर निम्मे चर बुजले होते.