संगीतातल्या एमएच्या मंचप्रदर्शनाआधी (म्हणजे मंचावर गाऊन द्यायच्या परीक्षेआधी) काय काय बघून ठेवायचं (गायनवाल्यांसाठी)

टाइमटेबल लागलं की आधी आपली वेळ बघा, राग त्यानंतर ठरवा. सकाळी ११ ला नंबर असेल आणि वर्षभर संध्याकाळचा यमनच घोटला असेल तर काही ठिकाणी चालवून घेतात, पण मला स्वतःला ते पटत नाही, त्या वेळेला जौनपुरी नाहीतर अल्हैया बिलावल, दुपारकडे सरकलं तर शुद्ध सारंग, असं एक तरी तयार हवंच. आणि जो राग घ्याल त्याचा शेजारीही माहीत पाहिजे. भूप गाणार असाल तर देशकार बघून ठेवा, स्वर तेच पाच, पण भूपात गंधार वादी (रागाचा मुख्य स्वर) आणि देशकारात धैवत, आणि दोघातला फरक गाऊन दाखवा असं परीक्षक कधीही म्हणू शकतात.

आता वेळेचं गणित, हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतेय. समजा ३० मिनिटं मिळालीत. विलंबित एकताल अगदी संथ ठेवला, एका मात्रेला साधारण ५ सेकंद, तर १२ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, एक मिनिटाची झाली, म्हणजे ख्यालाला (संथ बंदिशीला) १८ मिनिटं ठेवलीत तर हातात फक्त १८ आवर्तनं आहेत! त्यात पंचमापर्यंत पोचायला ६-७, तार षड्ज लागेपर्यंत १०-११, मग अंतरा, उरलेल्यात बोलआलाप, सरगम, ताना, असं आधी कागदावर मांडून बघा. मी पहिल्या वर्षी हे कधी मोजलंच नव्हतं, गंधारावर रमले, अंतरा घ्यायच्या आतच बेल वाजली आणि महिनोन्महिने बसवलेलं द्रुत (नंतरची जलद बंदिश) गायचं राहूनच गेलं, त्याचं वाईट अजून वाटतं. म्हणून शेवटचे तीन आठवडे घड्याळ समोर ठेवून पूर्ण अर्धा तास गायचं, एखादी तान फसली, सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तरी थांबून परत मागे जायचं नाही, पुढच्या मुखड्याला (बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ) सावरायचं. रियाजात आपल्याला चुकलं की थांबायची सवय असते आणि तीच मंचावर नडते.

तबला ॲपवर भागवू नका प्लीज. ॲपवर लय लावली तिथेच राहते, पण माणसाबरोबर गाताना, विशेषतः द्रुतात, आपण ताना घ्यायला लागलो की लय नकळत चढते आणि ती चढलीये हे ओळखायलाच माझ्या चार-पाच बैठका गेल्या. तबलजीला तुमची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या स्वराला सा धरून गाता, ते आधीच कळवा, काळी चार की पांढरी पाच, म्हणजे तो त्या पट्टीचा तबला घेऊन येईल. पेटीवाल्याबरोबर एकदा तरी बसा, आणि आलापात मागे रहा, स्वर आधी देऊ नका, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

तानपुरा. मालकंस असेल तर पहिली तार मध्यमाला, मारवा-पूरियाला निषादाला, हे सगळ्यांना पाठ असतं पण जुळवायला दुसऱ्या कुणाचा हात लागतो, ते स्वतःला आलंच पाहिजे. एसी हॉल असेल तर तानपुरा निदान तासभर आधी आत नेऊन ठेवा, बाहेरच्या उकाड्यातून आत गेला की तारा हलतात, मग मंचावर परत जुळवण्यात आपलीच मिनिटं जातात. जादा तारा आणि जवारीचा दोरा (तारेचा झंकार नीट लागावा म्हणून घोडीवर तारेखाली घालायचा) पिशवीत असू द्या.

बाकी बारीकसारीक, जेवण दोन-अडीच तास आधी, हलकं. जे कपडे घालणार त्यातच घरी चाळीस मिनिटं मांडी घालून बसून बघा, पायाला मुंग्या आल्या की लक्ष तिकडेच जातं. बंदिशीचे शब्द एकदा गुरुजींना नीट वाचून दाखवा, ऐकून ऐकून पाठ केलेल्या ब्रज शब्दांची आपण फार मोडतोड करतो आणि अर्थ विचारला की गडबड होते. माइक तोंडापासून साधारण एक वीत. आणि साउंडवाल्या दादांना गायला बसायच्या आधीच सांगा की मॉनिटरमधे तानपुरा जास्त द्या, इको अजिबात नको.