*नेबो: आदिस्लाव्हिक नामाचे मूळ आणि रूपे कशी ठरवावीत

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन अशा स्लाव्हिक भाषांची समान पूर्वज असलेल्या आदिस्लाव्हिक भाषेत लिहिलेली एकही ओळ उपलब्ध नाही. म्हणून तिचा प्रत्येक शब्द वंशज भाषांवरून मागे जाऊन सिद्ध करावा लागतो, आणि तो अनुमानित आहे हे कळावे यासाठी त्याच्याआधी तारांकन देतात. ही रीत शिकण्यासाठी ‘आकाश’ या अर्थाचे *नेबो हे नाम घ्यावे, कारण त्याचे संस्कृतातील सगोत्र (एकाच मुळातून आलेले) रूप, नभस्, आपल्या चांगल्या ओळखीचे आहे.

प्रथम वंशज रूपे गोळा करावीत, पण केवळ प्रथमेचे एकवचन पाहून थांबू नये. रशियन, पोलिश आणि सर्बियन भाषांत ते साध्या ओकारान्त नपुंसकलिंगी नामासारखेच दिसते. रशियन आणि चेक अनेकवचन मात्र ‘नेबेसा’ असे आहे, आणि हा मधला ‘एस्’ कोठून आला हाच खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जुन्या चर्च स्लाव्हॉनिकमध्ये मिळते. १०व्या-११व्या शतकांतील हस्तलिखितांत टिकलेल्या या भाषेत षष्ठीचे एकवचनही ‘नेबेसे’ आहे. म्हणजे ‘नेबेस्-’ हेच मूळ अंग (ज्याला विभक्तीचे प्रत्यय लागतात तो शब्दभाग) असून आजच्या भाषांनी ते एकवचनात गमावले आहे.

यानंतर स्लाव्हिक कुळाबाहेर पाहावे. ग्रीक ‘नेफोस’ म्हणजे मेघ, हित्ती ‘नेपिश’ म्हणजे आकाश, आणि संस्कृत ‘नभस्’मध्ये धुके, मेघ, आकाश हे सारे अर्थ येतात. नभस्, नभसः आणि *नेबो, *नेबेसे ही रूपे शेजारी लिहावीत. संस्कृतात जेथे सर्वत्र ‘अ’ आहे, तेथे स्लाव्हिकने ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे ठेवले आहेत, आणि त्यावरूनच आदिम भारत-युरोपीय, म्हणजे या सर्व भाषांच्या समान पूर्वज भाषेतील, प्रथमा *नेभोस् आणि अंग *नेभेस्- असे होते हे उमगते. ही जागा मला या अभ्यासात सर्वांत सुंदर वाटते. ‘स्’ का टिकला, हेही तपासावे. स्लाव्हिकमध्ये र, उ, क, इ यांच्यानंतरचा ‘स्’ बदलून पुढे स्वर असता ‘ख’सारखा होतो, पण ‘ए’नंतर बदलत नाही, संस्कृतातही हविस्चे ‘हविषः’ होते, नभस्चे मात्र ‘नभसः’च राहते.

आता रूपावली मांडता येते. एकवचनात प्रथमा व द्वितीया *नेबो, षष्ठी व सप्तमी *नेबेसे, चतुर्थी *नेबेसी, तृतीया *नेबेसिमि, ज्यातील दोन्ही ‘इ’ अतिऱ्हस्व आहेत. अनेकवचनात प्रथमा व द्वितीया *नेबेसा आणि षष्ठी *नेबेसु, ज्याचा अंत्य ‘उ’ तसाच अतिऱ्हस्व आहे.

एका ठिकाणी विशेष सावध राहावे. रशियनमध्ये ‘आकाश’ हा शब्द चर्च स्लाव्हॉनिकच्या प्रभावाने आपला ‘ए’ राखून आहे. त्याच मुळाचे अस्सल रशियन रूप, ज्यात ‘ए’चा ‘यो’ झाला आहे, ‘न्योबो’ असून त्याचा अर्थ ‘टाळू’ असा आहे. उसने रूप आणि वारशाने आलेले रूप वेगळे केले नाही, तर ध्वनिनियमच चुकीचे ठरतात.

सरावासाठी ‘शब्द’ या अर्थाचे *स्लोवो घ्यावे: त्याची षष्ठी *स्लोवेसे आहे, आणि त्याच्या शेजारी लिहिण्याजोगे संस्कृत रूप ‘श्रवस्’ आहे.